चाचांचा पोंगा आणि गोड आवाज

मेहरूणला आमच्या गल्लीत एक बँड कंपनी होती. कंपनी म्हणजे पत्र्याची एक खोली, तिच्यात खुंट्यांवर टांगलेले लाल कोट आणि पुढच्या अंगणात बांधलेली पांढरी घोडी. मी तिथून चार घरं सोडून राहायचे आणि गावातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्यामुळे गल्लीत जे काही इंग्रजीत छापून येई ते माझ्याकडे वाचायला येई. औषधाची बाटली, तार, कुकरबरोबर मिळालेला कागद, काहीही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका रविवारी बँडवाले चाचा आले, ते मात्र आपलं वाद्यच घेऊन आले.

हे वाद्य पितळेचं. लहान मूल धरावं तसं ते छातीशी धरायचं. तोंड वर आणि पोटात नळ्यांचा गुंता. ट्रंपेटवाले पुढे मिरवतात, गाण्याची चाल त्यांच्याकडे असते. हे आपलं खालच्या सुरात भों भों करत सगळ्यांना आधार देतं. गल्लीत त्याला पोंगा म्हणत. चाचांकडे मेरठच्या दुकानाची जुनी पावती होती आणि तिच्यावर त्याचं खरं नाव होतं, युफोनियम. त्या नावाचा अर्थ काय, हे त्यांना हवं होतं.

इतकी वर्षं नाही आणि आत्ताच का, असं मी विचारलं. तेव्हा कळलं की बँड आता मुलाच्या ताब्यात गेलाय, मुलाने कॅसिओ, म्हणजे विजेवरचा कीबोर्ड, घेतलाय आणि हा लग्नाचा हंगाम संपला की पोंगा मोडीत जाणार आहे. पोंगा गेला की चाचाही घरी बसणार, कारण जन्मभर त्यांनी दुसरं काही वाजवलं नव्हतं. मुलाला इंग्रजीचा फार मान. बँडची पाटीसुद्धा त्याने इंग्रजीत रंगवून घेतली होती.

"नावात काही वजन असेल तर सांगा, बाई," चाचा म्हणाले. "पितळेचं वजन त्याने करूनच ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या ग्रंथालयातला जाड शब्दकोश काढला. पोंग्याचं नाव युफनी या शब्दावरून आलेलं. मूळ ग्रीक; चांगला आणि आवाज असे दोन शब्द जोडून केलेला, म्हणजे कानाला गोड लागणारा आवाज. फ्रेंचांकडून तो इंग्रजीत आला. आल्यावर त्याला गाणंबजावणं बेताचंच मिळालं; बरीच वर्षं तो व्याकरणवाल्यांच्या हाताखाली राबला. एखाद्या शब्दातलं अक्षर का बदललं किंवा का गळलं, याचं कारण सापडलं नाही की ही मंडळी लिहीत, युफनीसाठी. आमचे डॉक्टर कशालाही 'हवा बदललीय' म्हणत, तसंच. पुढे कवितेवर लिहिणाऱ्यांनी तो उचलला. कोणती ओळ जिभेवरून सरळ घसरते आणि कोणती दातात अडकते, हे ते त्याच्यावरून ठरवू लागले. मग एकोणिसाव्या शतकात जर्मनीकडे एक नवं पितळी वाद्य निघालं आणि त्याला हे नाव चिकटलं. आपल्या मालाला गोड आवाजाचा म्हणायला कोणाच्या बापाचं काय जातं?

आमच्या काळापर्यंत येता येता तो शब्द गाईडात दोन मार्कांची व्याख्या होऊन पडला होता. ती व्याख्या मी दरवर्षी मुलींना उतरवून द्यायचे, पण तुम्हाला कोणता आवाज गोड वाटतो, हे कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी नववीला विचारलं. कोकिळा येईल अशी माझी अपेक्षा. एक म्हणाली, वीज आल्यावर विहिरीवरची मोटर पाणी धरते तो. दुसरी म्हणाली, शाळा सुटल्याची घंटा. तिसरीने सांगितलं, काकू माहेरी जाताना पिशवीची चेन ओढते तो. मी पुढचा धडा काढला.

संध्याकाळी हे सगळं चाचांना सांगितलं, काकू वगळून.  ते म्हणाले की हे इंग्रजीत लिहून द्या, खाली सही करा आणि शाळेचा शिक्का मारा. मी लिहिलं, सही केली, शिक्क्याला नाही म्हटलं.

मुलाने तो कागद दोनदा वाचला. वाचून नीट घडी करून बापाला परत दिला आणि मला म्हणाला, "मॅडम, गोड आवाजाला आता कोण विचारतं? लोक मोठा मागतात."

ऑर्डरी त्याच्याकडे होत्या, माझ्याकडे शब्दकोश होता.

त्याच मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. नवरदेव धुळ्याचा, देवपूरचा. वडिलांनी शेजारधर्म म्हणून याच बँडला सुपारी दिली आणि वरपक्षाने पत्रातून विचारलं की कॅसिओ आहे ना. त्यामुळे हातगाडीवर कॅसिओ, दोन भोंगे आणि मागे जनरेटर असा थाट ठरला. चाचांनी एवढं एक लग्न वाजवू दे म्हणून मुलाला विनवलं. पोंग्याची भोंभों माइकमध्ये येते, म्हणून चाचांनी मिरवणुकीच्या अगदी शेवटी, घोडीच्याही मागे राहायचं, या अटीवर तो कबूल झाला. मलाही ही तडजोड व्यवहारी वाटली आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

मुहूर्त बारा वीसचा. अकराला मारुतीच्या देवळापासून मिरवणूक निघाली. वेळ सांभाळायचं काम वडिलांनी माझ्याकडे दिलं होतं, कारण काकामंडळींपैकी कोणाचंही घड्याळ दुसऱ्याशी जुळत नव्हतं. कॅसिओ दणाणला, धुळ्याची पोरं नाचू लागली आणि घोडी जागची हलेना. घोडीवाल्याने लगाम ओढला, चुचकारलं. तिने मान उडवली, बस. तेवढ्यात गाणं बदलायला कॅसिओ थांबला आणि मागून चाचांचा एक लांब, खालचा सूर आला. घोडीने कान टवकारले. जागच्या जागी नवरदेवासकट वळली आणि चाचांच्या दिशेने चालू लागली.

चाचांचाही जन्म मिरवणुकीत गेलेला. घोडीचं तोंड आपल्याकडे आहे म्हणजे आपण तिच्या पुढे आहोत, एवढंच त्यांना ठाऊक. तेही वळले आणि वाजवत चालू लागले, थेट देवळाकडे. इकडे कॅसिओ पुन्हा सुरू झाला आणि नाचणारे मांडवाकडे निघाले.

मागे रिक्षात नवरदेवाची आजी बसली होती. तिने पदर सावरत बाहेर डोकं काढलं.

"बठ्ठा वऱ्हाड पुढे अन् नवरदेव मांगे, हाई काय शे?"

कोणीतरी म्हणालं, रुसला वाटतं. एवढं पुरलं. आमच्याकडे नवरदेव रुसतो तो काहीतरी हवं असतं म्हणूनच. काय हवं असेल यावर आमच्या मामांमध्ये लगेच मतभेद झाले. एकाचं मत घड्याळ, दुसऱ्याचं फ्रिज. नवरदेव घोडीवरून दोन्ही हात हलवून ओरडत होता की मी रुसलो नाही, पण भोंग्यांपुढे ऐकणार कोण? आणि हात हलवणारा माणूस जास्तच रुसलेला दिसतो. बातमी माणसांपेक्षा आधी मांडवात पोहोचली. वडील धापा टाकत आले आणि माझ्या कानात म्हणाले, "स्कूटर देतो म्हणावं."

मी त्यांना गप्प केलं, कोणी ऐकायच्या आत, आणि धावत जाऊन चाचांना थांबवलं. त्यांनी पोंगा तोंडातून काढला तशी घोडीही थांबली. भानगड तिथे उलगडली. घरात पोंगा कोणाला सहन होत नाही, म्हणून चाचा रोज संध्याकाळी अंगणात घोडीजवळ रियाज करत आणि तो संपला की तिच्यापुढे हरभरे टाकत. नऊ वर्षं. आजवर चाचा पुढच्या रांगेत असत म्हणून ती गुमान पुढे चालायची. कॅसिओ येईपर्यंत मुलगा ट्रंपेट वाजवायचा आणि त्याला वाटायचं, ती आपल्या ट्रंपेटवर चालते.

"चाचा, पुढे व्हा," मी म्हटलं. "कॅसिओच्याही पुढे."

त्यांनी लांबूनच मुलाकडे पाहिलं. तो गाडी सोडून आला होता आणि माइकचं काहीतरी सांगत होता. मी घड्याळ त्याच्यापुढे धरलं. बाराला दहा कमी.

"तुझ्या कॅसिओवर घोडी चालवून दाखव," मी म्हटलं, "मग बोल."

गडी जिद्दीचा. त्याने जाऊन आवाज पूर्ण वाढवला. घोडीने सगळ्यांसमोर शांतपणे लीद टाकली आणि उभी राहिली. मग त्याने स्वतःच कॅसिओ बंद केला आणि गर्दीतून बापाला वाट करून दिली. चाचा पुढे गेले, वाजवू लागले. त्या पोंग्यात गाण्याची चाल नव्हतीच, नुसताच ठेका. त्यावर पोरांना नाचता येईना, म्हणून सगळे झपाझप चालले आणि आम्ही मुहूर्ताच्या दहा मिनिटं आधी मांडवात पोहोचलो. कोणत्याही लग्नात मी एवढी वेळेवर पोहोचलेली मिरवणूक पाहिलेली नाही.

आठवड्याने मुलगा हिशेब मिटवायला आला. घोडीशिवाय हल्ली कोणी सुपारी देत नाही, असं तो म्हणाला, आणि हिशेबाची वही मिटत पुढे म्हणाला, "अब्बा पुढेच राहतील, मॅडम. घोडी आहे तोवर."

ही अट चाचांनी शब्दशः घेतली. दुसऱ्या दिवसापासून घोडीला दोन वेळा गूळ, दुपारी पाठीवर ओलं गोणपाट, माश्यांसाठी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर. पोंग्याला महिना महिना पॉलिश मिळेना. श्रावणात ती दोनदा खोकली, तेव्हा चाचांनी भर पावसात जाऊन गुरांच्या सरकारी डॉक्टरला अंगणात आणून उभं केलं. डॉक्टरने तिच्या बरगडीला नळी लावली आणि काही नाही म्हणून सांगितलं. चाचांनी त्याला चहा पाजला, छत्री धरली आणि पुन्हा एकदा, जरा सावकाश, ऐकायला लावलं.