माझी चूक, त्याचं नाव

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा. त्यात विद्युतभार ठेवला की इलेक्ट्रॉन त्याच्याभोवती सरकतात आणि दुरून त्याचा जोर कमी जाणवतो. किती कमी, याचं गणित मी मांडलं आणि तपासायला वही मित्राकडे दिली. पुढे ध्यानात आलं, इलेक्ट्रॉन चार प्रकारचे मोजायचे असतात. मी दोनच मोजले होते. दुरुस्तीचा कागद घेऊन एसटीनं गंगाखेडला गेलो, तर त्यानं हातावर पेढा ठेवला. शोधनिबंध छापून आला होता, नाव त्याच्या एकट्याचं. वाचला. हरामखोरानं माझी चूकसुद्धा जशीच्या तशी उचलली होती.

"कसा वाटायलाय?" त्यानं विचारलं.

"लय भारी हाय," मी म्हणालो. कागद खिशातून काढलाच नाही.