वॅगनमधून आलेलं घर

आमच्या घरात देवाला नमस्कार करायचा म्हणजे गुडघे टेकायला लागायचे. पुढच्या खोलीच्या भिंतीत जमिनीलगत एक कमानदार पोकळी होती, तिला काळ्या दगडाची चौकट, आणि त्यात देव्हारा. लग्न होऊन आले त्या दिवशी जोड्यानं वाकलो, तर माझं कपाळ त्या दगडावर असं आपटलं की हळदीच्या अंगावर टेंगूळ घेऊनच मी त्या घरची सून झाले. "हुईल सवय," सासूबाई म्हणाल्या. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. आत्तींनी हळद दाबली न् लागल्या पाहुण्यांच्या मागं. लागलं का, दुखतंय का, काही विचारलं नाही. बाई तशी कडकच.

घर कोल्हापुरात, स्टेशनच्या पलीकडच्या वस्तीत. जमिनीपासून चार पायऱ्या वर, छप्पर एकदम उभं, आणि छपरातून वर आलेलं एक विटांचं धुराडं, ज्याच्याखाली चूल कधीच नव्हती. घर सासऱ्यांनी घेतलेलं, पण जागा दुसऱ्याची. तिचं भुईभाडं आम्ही दर वर्षाला नेऊन द्यायचो. त्या भानगडीत कुणी फारसं लक्ष घालत नसे. सासरे गेले, आमचे हे शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत लागले, आणि घरात राहिलो आम्ही तिघंच.

आत्तींना दिसत नाही हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं. दोन वर्षं! आणि मी स्वतःला हुशार समजत होते. तांदूळ त्या बोटांनी निवडायच्या, एक खडा राहत नसे. कपात चहा ओतताना आवाजावरनं थांबायच्या. माजघरातनं स्वयंपाकघरात जाताना उजव्या हाताची दोन बोटं भिंतीला नुसती लागून जायची, तेवढंच. एक दिवस मी झाडताना स्टूल सरकवलं आणि तसंच ठेवलं. आत्ती त्याच्यावर आडव्या पडल्या. उठवायला धावले तर माझ्या तोंडाकडं न बघता, खांद्यापलीकडं बघत म्हणाल्या, "स्टूल कुणी हलवलं?"

तेव्हा लख्ख उजाडलं माझ्या डोक्यात. मी रडायला लागले, तर त्यांनी माझं मनगट गच्च धरलं.

"काचबिंदू हाय. डाक्टरनं सांगिटलंय, गेलेलं परत येत न्हाय. माज्या लेकाला सांगू नगंस. आंधळी म्हटलं की बाईला खाटंला बांधून घालत्यात. ह्या घरात मला कुणाचा हात लागत न्हाय. कळलं?"

कळलं. त्या दिवसापासून त्या घरातली कुठलीही वस्तू मी बोटभर हलवली नाही. ह्यांनी खुर्ची ओढून घेतली की मी परत जागेवर ठेवायची. "तुझं आपलं खुर्च्यांचं सोवळं!" हे चिडवायचे. चिडवा म्हटलं.

असं सात-आठ वर्षं चाललं, आणि एका मार्गशीर्षात जागेच्या मालकांचा माणूस कागद घेऊन आला. करार संपला, पावसाळ्याच्या आत जागा मोकळी करा. हे वकिलाकडं जाऊन आले. वकील म्हणाला, जागा त्यांची, घर तुमचं, कागद चोख आहे, भांडण्यात अर्थ नाही. मग हे मालकांकडं गेले, हातापाया पडले. मालक झोपाळ्यावर बसून म्हणाले, "अवो पावणं, घर तुमचंच हाय की! मी कुठं न्हाय म्हणतोय? उचला आणि जावा घिऊन!" तिथं बसलेले चार जण खो खो हसले म्हणे.

हे घरी आले ते तोंड पाडून. शिरोलीजवळ ह्यांनी एक लहानसा प्लॉट घेऊन ठेवला होता, पण बांधायला जवळ काही नव्हतं. म्हणून ठरवलं, सध्या मंगळवार पेठेत दोन खोल्या भाड्यानं घ्यायच्या. जिन्याच्या, वरच्या मजल्यावरच्या, संडास खाली. आत्ती भिंतीला पाठ लावून बसून राहिल्या. मला मात्र आतनं कढ आला. त्या जिन्यावरनं ही बाई पहिल्याच दिवशी पडणार आणि मग कायमची खाटेवर जाणार, हे मला दिसत होतं, आणि बोलायची चोरी.

त्याच आठवड्यात मागच्या दाराचं बिजागर दुरुस्त करायला मंगळवार पेठेतले सुतार चाचा आले. सत्तरीचे, दाढी पांढरी, हात मात्र पोलादी. मी त्यांच्यापुढं मालकांचं ते बोलणं रागारागानं सांगितलं. म्हटलं, "घर उचला म्हणतोय मेला! घर काय पाटी हाय व्हय डोक्यावर घ्यायला?"

चाचांनी हातातला पेचकस खाली ठेवला. भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं. भिंत पोकळ वाजली.

"वैनी, ह्ये घर उचलता येतंय."

मला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. तर ते वर माळ्यावर चढले, एका तुळईवरचा रंग पटाशीनं खरवडला आणि मला बोलावलं. लाकडात लोखंडी ठशानं ठोकलेलं एक इंग्रजी अक्षर, शेजारी आकडा.

"संस्थानच्या काळात एकाच साच्याची पाच घरं आली हुती. वॅगनमदनं. चित्रांचं एक बुक हुतं, त्येच्यात बोट ठेवायचं, मनिआर्डर धाडायची, घर यायचं. समदं कापून, भोकं पाडून, नंबर घालून. माज्या बापानं न् मी जोडलीत. करवतीला हात लावला न्हाई आमी, नुसता पाना. भिंतीबी फळ्यांच्याच, वर जाळी मारून गिलावा केलाय."

"आणि ही भिंतीतली पोकळी?"

चाचा हसायला लागले. "ती सायबाची शेकोटी! थंडीत लाकडं जाळायला. तुमच्या लोकांनी देव बशीवलं. पाचीच्या पाची घरांत!"

इतकी वर्षं मी शेकोटीपुढं डोकं आपटत होते तर!

पण अडचण होती. जोडताना नंबरांचा कागद लागतो, तो कधीच गेला होता. आणि आमच्या लाकडांवर तेलरंगाचे इतके थर बसले होते की अर्धे आकडे बुजलेले. खरवडले तर ठसा पण जाई. चाचा म्हणाले, बाकीच्या चारांतलं एखादं न रंगवलेलं घर सापडलं तर त्यावरनं यादी करता येईल. पण कुठली चार, हे त्यांना आठवेना. वस्ती वाढली होती, कुणी पुढं व्हरांडा काढला, कुणी वर पत्रा घातला, कुणी धुराडं पाडलं. बाहेरनं ओळखायची सोय नाही, आणि परक्या पुरुषाला माळ्यावर कोण चढू देणार?

मला कोण अडवणार होतं? संक्रांत तोंडावर आलेली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला कुठल्याही घरात बाईला जाता येतं. मी ओळखीच्या, बिनओळखीच्या, सगळ्या घरी गेले. बाया एकमेकींच्या साड्या बघायच्या, मी देव बघायची. देव गुडघ्याला असले की मान वर करून आढं बघायची. एकीनं घाबरून विचारलं, "पाल हाय काय वो?" म्हटलं व्हय, आणि उठून नीट बघून घेतलं. वाणात मिळालेले कंगवे आणि साबणाच्या डब्या ह्यांनी मोजल्या न् कपाळावर हात मारला.

एका घरी तर फजितीच झाली. देव खाली, छप्पर उभं, मनात म्हटलं सापडलं! भिंतीवर हळूच टकटक केलं तर निबर वीट. यजमानीणबाईंना विचारलं, देव इतके खाली कसे? त्या म्हणाल्या, "शेजारच्यांचं तसंच हुतं. त्येंची लई भरभराट झाली, म्हणून आमच्या मामंजींनी घर बांधताना देव खालीच बशीवलं." साहेबाची शेकोटी बघून बांधलेला देव्हारा! मला हसू आवरेना, तिळगूळ घशात अडकला. पण शेजारचं घर खरंच त्या पाचातलं निघालं.

ते एका रेल्वेगार्डाचं घर. गार्डबाई जाड, हसऱ्या, आणि त्यांच्या सासूला रंगाचा वास सोसत नसल्यामुळं माळ्याला कधी ब्रश लागला नव्हता. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. आत्तींच्या डोळ्यांचं सोडून. त्यांनी शिडी लावली, मी पदर खोचला आणि चढले. कोळ्यांची जाळी, उंदरांच्या लेंड्या, आणि प्रत्येक लाकडावर स्वच्छ ठसा. चार दुपारी मी तिथं कंदील घेऊन बसले आणि जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर पेन्सिलीनं एकेक तुळई, वासा, खांब काढत गेले. चाचांनी ते कागद बघितले आणि डोळे पुसले. म्हणाले, "माज्या बापाचं काम हाय ह्ये." माझाही जीव भांड्यात पडला.

हे आधी वेड्यात काढत होते. पण फाउंड्रीतला माणूस, नट-बोल्ट बघितल्यावर त्यांनाच हुरूप आला. चैत्रात घर उलगडायला घेतलं. कौलं उतरली, गिलावा फोडला, गंजलेल्या बोल्टांना रॉकेल पाजून पाजून ते सोडवले. बुजलेल्या नंबरांच्या जागी चाचांनी डांबरानं नवे नंबर घातले. ट्रकच्या चार खेपांत अख्खं घर शिरोलीला गेलं. मालक बघायला आले होते. त्यांना हसायला त्या दिवशी कुणी जोडीला नव्हतं.

तेवढे दीड महिने आत्तींना त्यांच्या बहिणीच्या गावी, शिरोळला ठेवलं. मी नको नको म्हणत होते. आठवड्यात निरोप आला, आम्ही गेलो तर कपाळावर पट्टी, हात गळ्यात. "म्हशीनं ढकलली," आत्ती म्हणाल्या. बहिणीच्या दारात म्हैस नव्हती. गोठा दोन वर्षांपूर्वी मोडलेला. मी ह्यांच्याकडं बघितलं, हे रिकाम्या दावणीकडं बघत होते.

प्लॉटवर जोडणी सुरू झाली आणि सल्ला देणारे जमले. कुणी म्हणालं, स्वयंपाकघर दोन फूट वाढवा. कुणी म्हणालं, पायऱ्या चारच्या तीन करा, म्हातारं माणूस आहे. शेकोटीचा काय उपयोग, ती गाळा, देव नीट वर घ्या. चाचांनाही ते पटायला लागलं. मी भडकले. "दाराचं तोंड कुठंबी करा," म्हटलं, "पर आत बोटभर काय हलवायचं न्हाई! पायऱ्या चार म्हंजे चार!" माणसं चमकली. एवढ्या लोकांत मी कधी आवाज चढवला नव्हता, आणि कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ह्यांनी विचारलं नाही. चाचांना म्हणाले, "ती म्हणती तसंच करा. फूटपट्टी लावून करा."

मृगाच्या आधी कौलं चढली. नव्या विटांची शेकोटी पहिल्याच जागी, पहिल्याच मापाची केली. मी खाट, मांडणी, पाण्याचा माठ, स्टूल, सगळं वितीनं मोजून जागच्या जागी मांडलं, आणि मग हे आत्तींना घेऊन आले.

त्या पायरीशी थांबल्या. मी हात द्यायला पुढं झाले, पण दिला नाही. आत्तींनी पायानं पहिली पायरी चाचपली. मग चढल्या. एक, दोन, तीन, चार. उंबऱ्यात चप्पल काढली, उजव्या हाताची दोन बोटं भिंतीला लावली आणि निघाल्या. माजघर, खाटेला वळसा, स्वयंपाकघराचं दार. न अडखळता, न थांबता. मांडणीवरनं तांब्या काढला, माठातलं पाणी घेतलं आणि उभ्यानं प्यायल्या. माझ्या डोळ्यांतनं धारा लागलेल्या, तोंडात पदर कोंबून मी भिंतीला टेकले. जिंकलो आम्ही दोघी. कुणाला काही कळलं नव्हतं.

पाणी पिऊन आत्ती तशाच बाहेर आल्या आणि वरच्या पायरीवर बसल्या. हे शेजारी जाऊन बसले. मी दारात. वारा सुटला होता, पानं सळसळत होती. आत्तींनी मान इकडं केली, तिकडं केली. घराच्या आतलं सगळं त्यांच्या हातात आलं होतं. बाहेरचं सगळं नवं होतं. मग त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या,

"म्होरं काय हाय रं? सांग की."

मला नव्हतं विचारलं, त्यांनी लेकाला विचारलं होतं. मी ह्यांच्या तोंडाकडं बघितलं. तिथं आश्चर्य नव्हतंच.

"ऊस हाय, आई," हे म्हणाले. "आपल्या कुंपणापास्नं पार रस्त्यापतोर. कमरंएवढा आलाय. उजव्या अंगाला हीर हाय, तिच्यावर उंबर. एक माणूस सायकल ढकलत चाललाय, चाक पंक्चर हाय वाटतं."

"कसला सदरा हाय त्येचा?"

"पांढरा. मळलाय."

"आनि?"

हे सांगत राहिले.