उठला तो हरला

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत बुद्धिबळाचा एकच कडक कायदा आहे: डाव चालू असताना जो उठला, तो हरला. शेजारच्या काकू 'दूध बघून येते' म्हणून घरी जायच्या आणि मोबाइलला खेळी विचारून यायच्या, तेव्हापासूनचा.

एवढ्या शिदोरीवर मी खुल्या स्पर्धेत नाव दिलं. पहिल्या फेरीत वरच्यांची गाठ तळातल्यांशी घालतात, म्हणून माझ्या वाट्याला थेट मास्टर आले. आमचे हे सोडायला आले होते. म्हणाले, दाराशीच थांबतो, तेवढ्यासाठी कुठे हेलपाटा घालू?

डाव जेमतेम सुरू झाला आणि मास्टर चक्क उठून चालू लागले. आनंदाने मला घेरी यायचीच बाकी होती. घड्याळ थांबवून मी धावले, त्यांचा हात धरला आणि वाईट वाटून घेऊ नका म्हणाले. पंचांनी मला बाजूला घेतलं.

"काकू, ते हरले नाहीत. तुमचा विचार होईपर्यंत पाय मोकळे करतायत."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर मास्टर परत येत, उभ्याउभ्याच खेळी करत आणि पुन्हा निघत. मग मात्र माझं डोकं फिरलं. हरणार होतेच, पण या माणसाला एकदा तरी खुर्चीत बसवायचंच.

आणि मला घोडा दिसला. तो मी सरळ त्यांच्या राजापुढे नेऊन फुकट ठेवला. मास्टर आले, हात उचलला, तसाच मागे घेतला. खुर्ची ओढली. बसले. दोन्ही हातांनी डोकं धरलं.

मला हसू आवरेना. ओढणी तोंडात कोंबून मी उठले आणि हात मागे बांधून टेबलांमधून ऐटीत फिरायला लागले.

दाराशी हे माझी पर्स सांभाळत उभे होते. मला उठलेली पाहून त्यांचा चेहराच पडला.

"जाऊ दे गं. चल, रिक्षा बघतो."

"मी हरले नाहीये," मी कुजबुजले. "ते बसलेत बघा."

यांनी टाचा उंचावून आत पाहिलं आणि पर्स पुन्हा काखोटीला मारली.

पुढे मी हरले, ते व्हायचंच होतं. पण घरी जाताना हे वाटभर रिक्षावाल्याला सांगत होते, हिने मास्टरना खाली बसवलं.