पियानोचे दात

कारंज्याच्या बैलबाजारातले आमच्या ओळखीचे एक दलाल किंमत कधी तोंडाने सांगत नाहीत; रुमालाखाली हात धरून बोटे दाबतात. भावाला आजोबांचा पियानो ‘ऐतिहासिक ठेवा’ म्हणून विकायचा होता. मोल करायला त्याने यांनाच बोलावले. रोज पियानो वाजवणारी वहिनी दाराशी उभी होती.

दलालांनी झाकण उघडून पिवळ्या पट्ट्या निरखल्या.

“दात तं पुरे झिजले, भाऊ. वाजवते कोन?”

“मी,” वहिनी म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिले आणि भावाच्या हातावर रुमाल टाकला. भावाचा चेहरा उतरला.

“इतकंच?”

“म्हातारं जनावर हाय. सवयीच्या दावणीलेच राहू द्या.”

त्यांना पियानोतले काय कळते, याची मला शंकाच आहे. वहिनीने मात्र त्यांच्या चहात दुप्पट साखर घातली.