बसएवढा बांगडा

मला कलाबिला कळत नाही, आधीच सांगते. धाकटी बहीण, आईच्या भाषेत तिचं धाकटं चेडू, शिल्पकला शिकली तेव्हा काळाचौकीच्या आमच्या चाळीत सगळ्यांना वाटलं, आता ही गणपती करणार. तिने केला बांगडा.

"इतक्या शिकान खेळणी करतंस?" आई मालवणीत एकदाच म्हणाली आणि त्या विषयावर तिने पुन्हा तोंड उघडलं नाही. बहीण वरवर हसली. पण फोर्टातल्या प्रदर्शनाच्या सकाळी तिचा फोन आला. "ताई, आईला घेऊन ये गं. बाकी कोणी नाही आलं तरी चालेल. एकदा बघून तिने म्हणावं की हे काम आहे, बस."

"चल, जरा फिरून येऊ," असं सांगून आईला नेलं. गॅलरीच्या अंगणात शिरलो आणि मी जागीच थबकले. अगं बाई गं! बसएवढा बांगडा! पाठीवर निळ्या-हिरव्या नागमोडी रेघा, पोट लख्ख चंदेरी, डोळ्यांवर गुलाबी गॉगल आणि शेपटीत चक्क हवाई चप्पल. लोक खिदळत होते, फोटो काढत होते. मला हसूही येत होतं आणि अंगावर काटाही. जन्मभर तिखल्याच्या रश्शात ढवळलेला मासा, तो एवढा देखणा असतो? आणि जिच्या वेण्या मी घातल्या, तिने हा केला? माझा विश्वासच बसेना.

आईने मात्र पदर खोचून बांगड्याभोवती एक फेरी मारली. मग लालबागच्या बाजारात कोळणीपुढे करते तेच केलं. कल्ल्याला हात घालून त्याचं झाकण उचललं. ते खरंच उचललं गेलं! मासा ताजा की शिळा, ते आमच्याकडे कल्ल्यातच बघतात. आई वाकून आत बघू लागली.

"ओ मौसी, हाथ मत लगाओ!" रखवालदार ओरडला.

आईने ढुंकूनही पाहिलं नाही. आत लालभडक रंग होता.

"ताजो आसा," ती म्हणाली. मग शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या बहिणीकडे वळली. "थंय लाल कित्याक केलंस गो? कोण बघतलो?"

"तू बघशील म्हणून," बहीण म्हणाली आणि रडायलाच लागली.

रखवालदार एव्हाना धावत आला होता. "मौसी, सुनाई नहीं देता क्या?"

आईने कल्ल्यावरचा हात काढला नाही. "कैसे नहीं लगाने का?" ती सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी कडाडली. "हमारे चेडू ने बनायेला है!"