जुळलेला आकडा

कॅनडातल्या एटोबिकोच्या रहमीम वाक्रुळकरांनी जन्मभर लेथ चालवली आणि रिटायर झाल्यावर त्यांना जुन्या लष्करी बंदुकांचं वेड लागलं. स्नायडर म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायची बंदूक मागून कापून, झाकण बसवून पितळी काडतुसांसाठी बदललेली. तशी अस्सल स्नायडर ते अकरा वर्षं शोधत होते. ज्या मिळत त्यांची झाकणं दुसऱ्याच बंदुकीची असत. शेवटी कॅल्गरीच्या प्रदर्शनात एक दिसली. त्यांनी झाकण उघडलं. त्यावर ठोकलेला आकडा ३१७, नळीवरही ३१७!

"सारिना, मूळचंच आहे गं!" ते ओरडले.

"अहो, हळू! लोक बघतायत," बायको म्हणाली.

"बघू देत! दीडशे वर्षं झाली, तरी केसभर फट नाही!"

सारिनाने झाकण मिटलं. ते खटकन बसलं.

"अय्या! परत उघडू?"