वाफोबाचा 'हो'

वाफोबा पळायला लागला तो एका 'हो'मुळे.

दवाखान्याच्या धुलाईघरात बॉयलर सांभाळायला लागून त्याला एकतीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तो सुटलेल्या बसमागंसुद्धा कधी पळाला नव्हता. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी उबेच्या पेट्या घ्यायच्या होत्या, त्यांचे पैसे जमवायला पाच किलोमीटरची शर्यत ठरली, आणि दवाखान्यातल्या प्रत्येक खात्यानं दोन-दोन माणसं द्यायची होती. धुलाईघरातून इस्त्रीवाल्या बाईनं आपलं नाव आधीच दिलं होतं. दुसरं कोण, म्हणून मुकादम बॉयलरच्या दारात उभा राहून विचारत होता. वाफोबाची त्याच्याकडं पाठ होती. भिंतीवर सावली हलली तसा तो वळला, आणि काय विचारलं ते न कळताच नेहमीसारखा म्हणाला, "हो हो, बघतो की."

मुकादमानं नाव लिहून घेतलं.

वाफोबाला ऐकू येत नव्हतं. बॉयलरच्या घरघरीनं कान खाऊन टाकले होते; आधी बारीक आवाज गेले, मग सगळेच. समोरच्याच्या ओठांवरून तो भागवायचा, आणि ओठ दिसले नाहीत की 'हो' ठोकून द्यायचा. वर्षाकाठी कान तपासत. पण तपासणाऱ्यानं यंत्राचं बटण दाबलं की त्याचं मनगट हलायचं. मनगट हललं की वाफोबा हात वर करायचा. चार वर्षं पास. निवृत्तीला सव्वादोन वर्षं उरली होती, तेवढी अशीच काढायची असं त्यानं मनाशी धरलं होतं.

पहाटे दवाखान्याच्या मागच्या रस्त्यावर दहा जण जमायचे. लिफ्टवाला, स्वयंपाकघरातली दोघं, नोंदणीचा जाड कारकून. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या चपला. व्यायामाच्या खोलीतली सिस्टर शिकवायची. एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला. आणि तिचा एकच नियम होता, "जोडीनं पळा आणि बोलत पळा. शेजारच्याशी नीट बोलता येत नसेल, तर समजा तुम्ही जास्त जोरात पळताय."

वाफोबाची जोडी इस्त्रीवाल्या बाईशी लागली. बाई तोंडाची फटकळ. वाफोबाची छाती भक्कम, धाप कसली ती नाही. पण बोलायचं तर तिचं तोंड दिसलं पाहिजे. म्हणून गडी मान तिरपी करून, अर्धं अंग वळवून आडवाच पळायचा. कारकुनानं दुसऱ्याच दिवशी त्याचा खेकडा करून टाकला. तिसऱ्या दिवशी खड्ड्यात पाय जाऊन तो उताणा पडला.

"काका, रस्ता खाली आहे, माझ्या तोंडावर नाही," बाई म्हणाली. मग पळता पळता पुढं बघतच तिनं विचारलं, "काय हो, तुमचं डोकंबिकं फिरलंय का?"

"हो हो," वाफोबा म्हणाला, "अगदी."

सगळे हसले. बाईपण हसली, पण थोडंच.

तिसऱ्या आठवड्यात चार मिनिटं सलग पळणं जमायला लागलं. वाफोबाला त्यात गोडी वाटू लागली होती. त्या सकाळी तो सगळ्यांच्या पुढं होता, फाटकाच्या वळणावर, रस्त्याच्या मधोमध. मागून रुग्णवाहिका आली भोंगा वाजवत. नऊ जण कडेला झाले. वाफोबा आपल्या तालात पळतच राहिला. बाई धावली, त्याची कॉलर धरून तिनं त्याला ओढला, तेव्हा गाडीचा आरसा त्याच्या बाहीला घासून गेला.

दोघं गटाराच्या कठड्यावर बसले. बाई त्याच्या पुढ्यात आली, अगदी समोर.

"बॉयलरचं पाणी उतरलं की भोंगा वाजतो ना?"

वाफोबानं मान हलवली.

"तो ऐकू येतो का?"

"मी बॉयलरच्या काचेवर नजर ठेवतो. पाणी दिसतं. काटा दिसतो."

"आणि लघवीला जाता तेव्हा?"

यावर 'हो' म्हणून भागणार नव्हतं.

"मी कुणाला सांगायला जाणार नाही," बाई म्हणाली. "पण मी तुमच्या डोक्यावरच्या मजल्यावर उभी असते, काका. आम्ही बावीस जणी असतो."

त्या दिवशी वाफोबा आठ तास काचेसमोरून हलला नाही. पाणी प्याला नाही, लघवीला गेला नाही. पाइपावर तळहात ठेवून वाफेची थरथर अजमावत राहिला. हाताला सगळं कळत होतं. भोंगा तेवढा हाताला कळत नव्हता. पाळी सुटली तसा तो आधी मोरीत गेला आणि तिथून सरळ इंजिनीअर साहेबाच्या खोलीत.

साहेब कागदात मान घालून काहीतरी बोलला.

"साहेब, वर बघून बोला," वाफोबा म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

साहेबानं मान वर केली. "कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

"आणि तपासणीत कसं निघालं नाही?"

"तिथल्या माणसाचं मनगट हलतं."

साहेबानं मुकादमाला बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून वाफोबा मळक्या चादरींच्या गाड्यावर गेला. रक्ताच्या वेगळ्या, घाणीच्या वेगळ्या. हाताखालची माणसं आता त्याला हाताखाली घ्यायला लागली. मुकादम मुद्दाम मोठ्यानं ओरडून बोलायचा, तेही पाठीमागून.

घरी त्यानं बायकोला सांगितलं. बायको कणीक मळत होती. हात पुसून ती समोर आली. ती नेहमी समोर येऊनच बोलायची.

"मला ठाऊक होतं की," ती म्हणाली. "तीन वर्षं पाठीमागून मनसोक्त शिव्या घालून घेतल्या."

मग तिनं त्याचे पळायचे बूट बाहेर काढून ठेवले. शर्यत चार दिवसांवर होती. वाफोबा जाणार नव्हता, पण बूट बाहेर काढल्यावर गेला.

सुटायची शिट्टी झाली, तेव्हा बाईनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला. वाफोबा सुटला. आता बाईच्या तोंडाकडं बघायचं काम नव्हतं. वळायचं असलं की ती डाव्या नाहीतर उजव्या खांद्याला थाप द्यायची. पहिल्यांदाच गडी समोर बघून पळत होता. आणि बोलायचं तर एकट्यालाच होतं, म्हणून तो बोलत सुटला. पहिला बॉयलर कसा गळायचा, थंडीत वाफ कशी चढायची, एकदा काच तडकली तेव्हा हात कसा भाजला. एकतीस वर्षांचं साठलेलं. बाई नुसती ऐकत होती आणि धापा टाकत होती.

चौथ्या किलोमीटरला रस्ता धुलाईघराच्या मागून गेला. छपरावरच्या नळीतून वाफ निघत होती. वाफोबाची मान आपोआप वळली.

"वाफ ओली निघतेय," तो म्हणाला. "नव्या बॉयलरवाल्यानं पाणी जास्त घेतलंय. सांगायला पाहिजे त्याला."

बाई काहीतरी म्हणाली. ते त्याला दिसलं नाही. मग उजव्या खांद्यावर थाप पडली, आणि तो वळला.